होमब्रू गेमचं पोर्ट: कोणत्या यंत्रासाठी करायचं, आणि मागणी खरी आहे हे कसं ओळखायचं

कंपन्यांनी केव्हाच सोडून दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी किंवा कन्सोलसाठी आज कोणीतरी हौसेनं लिहिलेला नवा गेम म्हणजे होमब्रू. तोच गेम दुसऱ्या जुन्या यंत्रावर चालेल असा पुन्हा बांधणं म्हणजे पोर्ट करणं. गेम थोडाफार नावाजला की विचारणा सुरू होते. स्पेक्ट्रमवर आणणार का? एनईएसवर कधी? गेम बॉयवर किती मजा येईल! (स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर; एनईएस आणि गेम बॉय हे निन्टेन्डोचे जुने कन्सोल, त्यातला दुसरा हातात धरून खेळायचा.) विचारणारे मनापासून विचारतात, यात शंका नाही. पण विचारणाऱ्याचं एका ओळीत भागतं आणि करणाऱ्याचे कित्येक महिने जातात. म्हणून त्या विचारणांचं वजन नीट करायला शिकावं लागतं.

बहुतेक जण आधी मतदान घेतात आणि मग जिंकलेल्या यंत्राची माहिती काढायला बसतात. हा क्रम उलटा हवा. आधी प्रत्येक यंत्रावर किती काम पडेल ते ठरवावं. झेपतील तेवढीच यंत्रं लोकांसमोर ठेवावीत. मग लोक काय म्हणाले ते बाजूला ठेवून त्यांनी काय केलं ते मोजावं.

समजण्यासाठी एक काल्पनिक गेम घेऊ. १९८३ मध्ये आलेल्या एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरच्या पहिल्या पिढीसाठी लिहिलेला, ३२ किलोबाइटच्या रॉममध्ये (यंत्रात खोचायच्या कार्ट्रिजमधल्या, फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत) मावणारा, उड्या मारत पुढे जायचा गेम. पडदा सरकत नाही. नायक कडेला पोचला की पुढची खोली एकदम समोर येते. तर हा गेम कुठे कुठे नेता येईल?

भावकी ओळखा

सगळ्यात जास्त फसगत होते ती प्रोसेसरच्या नावावरून. एमएसएक्समध्ये झेड-८० आहे, स्पेक्ट्रममध्ये झेड-८० आहे, ॲमस्ट्रॅड सीपीसी या कॉम्प्युटरमध्येही झेड-८० आहे; मग कोड उचलून ठेवला की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात अशा गेममधलं निम्म्याहून जास्त काम चित्राच्या चिपशी बोलण्याचं असतं. त्यामुळे चित्राची चिप कोणती, हा पहिला प्रश्न.

एमएसएक्सच्या पहिल्या पिढीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस ९९१८ या घराण्यातली चिप आहे. कोलेकोव्हिजन (१९८२) आणि सेगाचं एसजी-१००० (१९८३) या कन्सोलांतही तेच घराणं, तोच झेड-८०, आणि वेगही जवळजवळ तोच, ३.५८ मेगाहर्ट्झ. ही सख्खी भावंडं. चित्रं, रंग, स्प्राइट (म्हणजे पार्श्वभूमीला धक्का न लावता चिप स्वतः हलवते ती चित्रं) यांतलं काहीच पुन्हा काढावं लागत नाही. सेगाचं मास्टर सिस्टिम हे जवळचं चुलत भावंड: त्याची चिप जुन्या पद्धतीनंही चालते, पण लोक तिथे बत्तीस रंगांची अपेक्षा ठेवतात, म्हणजे चित्रं नव्यानं काढणं आलं.

सख्ख्या भावंडांतही अडचणी आहेत, आणि त्या नेमक्या माहीत असल्या तरच कामाचा अंदाज बरोबर येतो.

पहिली अडचण रॅमची, म्हणजे गेम चालताना बदलत्या गोष्टी ठेवायच्या मेमरीची. कोलेकोव्हिजनमध्ये रॅम फक्त १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट. चित्रांसाठीची १६ किलोबाइट वेगळी असते, पण ती चिपच्या पलीकडे. प्रोसेसरला थेट दिसत नाही. आपल्या गेमनं नायक भिंतीला धडकतो का हे पाहायला खोलीचा नकाशा रॅममध्ये ठेवला असेल, तर ३२ गुणिले २४ चौकोन, चौकोनामागे एक बाइट, म्हणजे ७६८ बाइट तिथेच गेले. उरलेल्या २५६ बाइटमध्ये शत्रू, संगीत, गुण, स्टॅक (प्रोसेसरची तात्पुरती नोंदवही) आणि यंत्राच्या स्वतःच्या बायोसचा (यंत्रात आधीपासून असलेल्या प्रोग्रॅमचा) वाटा बसवायचा. बसत नाही. उपाय असा की नकाशा १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या ठोकळ्यांत ठेवायचा: १६ गुणिले १२, म्हणजे १९२ बाइट. हे मूळ गेम लिहितानाच केलं असेल तर एका दुपारचं काम. नसेल तर धडकेचा सगळा कोड उसवावा लागतो.

दुसरी अडचण व्यत्ययाची. पडदा रंगवून झाला की चित्राची चिप प्रोसेसरला हाक मारते. एमएसएक्सवर ही हाक साध्या व्यत्ययानं येते, हेक्स ३८ (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेला आकडा) या पत्त्यावर, आणि ती थोपवून धरता येते. कोलेकोव्हिजनवर ती न थोपवता येणाऱ्या व्यत्ययानं येते, हेक्स ६६ वर. चिपला पत्ता दोन बाइटमध्ये सांगावा लागतो. पहिला बाइट दिला आणि तेवढ्यात हाक आली, हाक घेणाऱ्या कोडनं चिपची स्थिती वाचली, की चिप आपला अर्धवट ऐकलेला पत्ता विसरते. परत आल्यावर दिलेला दुसरा बाइट पहिला समजला जातो आणि पडद्यावर भलत्याच जागी कचरा उमटतो. तोही दर वेळी नाही, मधूनच, त्यामुळे शोधायला जीव मेटाकुटीला येतो. यावर उपाय दोन. चिपशी बोलण्याआधी एक खूण लावायची आणि हाकेच्या कोडनं ती खूण दिसली की काही न करता परतायचं. किंवा लांबलचक लिखाणाच्या वेळी चिपच्या रजिस्टर १ मधला (रजिस्टर म्हणजे चिपमधला छोटा कप्पा) व्यत्ययाचा बिटच बंद ठेवायचा. एसजी-१००० वर ही डोकेदुखी नाही. तिथे एमएसएक्ससारखाच साधा व्यत्यय आहे आणि न थोपवता येणारा व्यत्यय पॉजच्या बटणाला दिलेला आहे.

तिसरी आवाजाची. एमएसएक्समधली एवाय-३-८९१० ही चिप साधारण २७ हर्ट्झपर्यंत खाली उतरते. कोलेकोव्हिजन आणि एसजी-१००० मधली एसएन ७६४८९ सुमारे १०९ हर्ट्झच्या खाली जातच नाही, कारण तिचा मोजणीचा आकडा दहा बिटांचा आहे आणि एवायचा बारा बिटांचा. म्हणजे ११० हर्ट्झच्या खालचे सगळे खर्जातले सूर जातात. ते एक सप्तक वर उचलले की चालीचा भरीवपणा जातो, हे संगीतकाराला आधी सांगावं. कोलेकोव्हिजनला सुपर गेम मोड्यूल नावाची जोडणी मिळते. तीत एवायची आवाजाची चिप आणि ३२ किलोबाइट जास्तीची रॅम आहे. रॅम आणि आवाज, दोन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतात, पण गिऱ्हाईक तेवढंच उरतं ज्याच्याकडे ती जोडणी आहे. म्हणून कोलेकोव्हिजनवाल्यांना विचारताना हा प्रश्न घालायलाच हवा.

आडनाव एक, घर वेगळं

आता स्पेक्ट्रम. विचारणा सगळ्यात जास्त इथूनच येते, आणि अंदाजही सगळ्यात जास्त इथेच चुकतो.

स्पेक्ट्रममध्ये स्प्राइट नाहीत. एमएसएक्सवर नायक एक ठिपका उजवीकडे न्यायला चिपच्या तक्त्यात एक आकडा बदलावा लागतो. स्पेक्ट्रमवर जुनं चित्र पुसायचं, मागची पार्श्वभूमी परत आणायची, नवं चित्र रंगवायचं, आणि हे सगळं प्रोसेसरनं करायचं. पडद्याची मेमरी ६,९१२ बाइट. एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, ४८के स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरला त्याच्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके मिळतात. साध्या नकलेच्या आज्ञेनं एक बाइट हलवायला २१ ठोके लागतात. पूर्ण पडदा हलवायचा तर १,४५,१५२ ठोके, दोन फ्रेमपेक्षाही जास्त. म्हणून बदललेला तुकडा तेवढाच रंगवण्याचं यंत्र नव्यानं लिहावं लागतं. एमएसएक्सच्या कोडमध्ये त्याचं बीजही नसतं.

मेमरीचं गणितही कागदावर करून पाहा. ४८ किलोबाइट म्हणजे ४९,१५२ बाइट; पडदा वजा केला की ४२,२४०. आपला गेम इथे रॉमऐवजी याच मेमरीत बसवायचा: ३२,७६८. उरले ९,४७२. आता १६ गुणिले १६ चा नायक ठिपक्या-ठिपक्यानं सरकवायचा तर त्याची आठ सरकवलेली रूपं आधीच काढून ठेवावी लागतात. प्रत्येक रूप ३ बाइट रुंद, १६ ओळी, आणि कडा नीट दिसायला तेवढाच मुखवटा: ९६ बाइट. आठ रूपांचे ७६८. चालण्या-उडण्याची आठ चित्रं असतील तर ६,१४४ बाइट एकट्या नायकाचे. एमएसएक्सवर याच आठ चित्रांना २५६ बाइट लागतात. नायक दोन-दोन ठिपके सरकवला तर चार रूपांत भागतं आणि खर्च निम्म्यावर येतो, मात्र हालचाल थोडी खडबडीत दिसते. असा निर्णय पोर्ट हातात घेण्याआधी व्हायला हवा.

शिवाय रंग. एमएसएक्सवर आठ ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीला दोन रंग देता येतात. स्पेक्ट्रमवर ८ गुणिले ८ च्या अख्ख्या चौकोनाला दोनच. एमएसएक्सवर आडव्या छटांनी सजवलेली वीट स्पेक्ट्रमवर येतच नाही. खोल्यांची चित्रं चित्रकारानंच पुन्हा काढायला हवीत.

ॲमस्ट्रॅड सीपीसीवर रंग भरपूर, पण पडद्याची मेमरी १६ किलोबाइट, प्रोसेसर जवळपास स्पेक्ट्रमच्याच वेगाचा, आणि स्प्राइट इथेही नाहीत. हलवायचा ढीग दुपटीहून मोठा, हलवणारा तोच.

एनईएसकडे वळलं की प्रोसेसरच बदलतो. तिथे ६५०२ या प्रोसेसरचा भाऊ आहे. असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, लिहिलेली एकही ओळ उपयोगाची नाही. नियम, खोल्यांचा तपशील, शत्रूंच्या वागण्याचे तक्ते एवढं नेता येतं. चित्रांच्या मेमरीत लिहायला पडदा रंगवून झाल्यावरची छोटी फट मिळते, अमेरिकी यंत्रावर सुमारे २,२७३ ठोके, त्यातले पाचशेहून जास्त स्प्राइटचा तक्ता पाठवण्यात जातात. खोली एकदम बदलायची असेल तर पडदा क्षणभर काळा करावा लागतो. गेम सी भाषेत लिहिला असेल तर काम बरंच हलकं होतं: झेड-८० च्या यंत्रांसाठी झेड८८डीके आणि एसडीसीसी, ६५०२ साठी सीसी६५, अशी साधनं आहेत. मात्र तीही नियमांचा भाग तेवढा नेतात. चित्र आणि आवाजाचा भाग हातानंच.

गेम बॉयबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तिथला पडदा १६० गुणिले १४४, म्हणजे २० गुणिले १८ चौकोन, एकूण ३६०. आपल्या खोलीत ७६८. एक खोली एका पडद्यावर दाखवणाऱ्या गेमची प्रत्येक खोली नव्यानं आखावी लागते, उड्यांची अंतरं बदलतात, कोडी बदलतात. हा दुसरा गेम झाला. करायचा तर आनंदानं करावा, पण ‘पोर्ट’ म्हणून शब्द देऊ नये.

आधी सगळ्यात जड खोली चालवून पाहा

हे कागदावरचं गणित झालं की दोन किंवा तीन यंत्रं उरतात. त्यांच्यासाठी लोकांना काही विचारण्याआधी एक नमुना बांधावा. पहिली खोली घेऊ नये. ती मुद्दाम सोपी केलेली असते. ज्या खोलीत शत्रू सर्वांत जास्त, गोळ्या उडताहेत आणि संगीत चालू आहे, ती खोली घ्यावी. ती चालली तर बाकीच्या चालतात.

वेळ मोजायची जुनी, खात्रीची पद्धत अशी: काम सुरू होताना पडद्याच्या कडेचा रंग लाल करायचा, संपताना काळा. कडेवर लाल पट्टा दिसतो. त्याची उंची म्हणजे गेलेला वेळ. स्पेक्ट्रमवर २५४ क्रमांकाच्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे प्रोसेसरची बाकीच्या भागांशी बोलायची वाट) रंगाचा आकडा पाठवायचा, टीएमएसच्या यंत्रांवर चिपच्या रजिस्टर ७ मध्ये. पट्टा पडदाभर पसरून पुन्हा वरून सुरू झाला, तर गेम निम्म्या वेगानं धावणार.

इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चाललं म्हणजे झालं असं मानू नका. टीएमएस चिपला पडदा रंगवत असताना दोन बाइटच्या मध्ये जवळपास ८ मायक्रोसेकंद द्यावे लागतात. घाई केली तर खऱ्या यंत्रावर मधले बाइट गळतात आणि चित्रांना भोकं पडतात. ढिला इम्युलेटर मात्र सगळं निमूट स्वीकारतो. ओपनएमएसएक्ससारखा काटेकोर इम्युलेटर वापरा आणि खऱ्या यंत्रावर तपासणारी दोन माणसं शोधा. एक ५० हर्ट्झच्या देशातला, एक ६० हर्ट्झच्या.

हा ५०-६० चा फरक लहान वाटतो, पण याच्याच तक्रारी येतात. युरोपातली यंत्रं सेकंदाला ५० फ्रेम दाखवतात. जपान, अमेरिका आणि ब्राझीलमधली ६०. दर फ्रेमला एक पाऊल टाकणारा, ६० साठी लिहिलेला गेम ५० वर सहाव्या हिश्शानं मंद होतो, आणि संगीतही रेंगाळतं. सोपा उपाय: ५० च्या यंत्रावर दर पाचव्या फ्रेमला नियमांचं आणि संगीताचं एक पाऊल जास्तीचं टाकायचं. पाच फ्रेममध्ये सहा पावलं, हिशेब जुळला.

विचारायचं काय आणि कुणाला

आता लोकांकडे जायचं. ‘तुम्हाला हा गेम अमुक यंत्रावर आवडेल का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर नेहमी हो असतं, आणि त्या होकाराची किंमत शून्य असते.

त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. कोणतं यंत्र तुमच्याकडे आज चालू स्थितीत जोडलेलं आहे? त्यावर शेवटचं कधी खेळलात? गेम कसा भरता: कॅसेट, डिस्क, फ्लॅश कार्ट्रिज (फाइल भरून वापरायचं) की फक्त इम्युलेटर? ५० हर्ट्झ की ६०? गेल्या बारा महिन्यांत या यंत्रासाठी नवा गेम विकत घेतलात का, आणि तो फाइल होता की डबाबंद? स्पेक्ट्रमवाल्यांना ४८के की १२८के, कोलेकोव्हिजनवाल्यांना ती जोडणी आहे का, एमएसएक्सवाल्यांना रॅम किती. एवढंच पुरे. प्रश्न आठाच्या वर गेले की लोक अर्ध्यात सोडतात, आणि शेवटपर्यंत भरणारे तेवढे कट्टर हौशी उरतात.

कुणाला विचारलं यावर उत्तर ठरतं. एमएसएक्सची मंडळी मुख्यतः स्पेन, नेदरलँड्स, जपान आणि ब्राझीलमध्ये, सीपीसीची फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटनमध्ये, कोलेकोव्हिजनची अमेरिका-कॅनडात, मास्टर सिस्टिमची ब्राझील आणि युरोपात. प्रश्न फक्त इंग्रजीत ठेवले तर यातल्या मोठ्या भागापर्यंत तुम्ही पोचतच नाही. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच या तीन भाषांत तेच आठ प्रश्न करून घ्यावेत, त्या भाषेच्या जाणकाराकडून.

आपल्याकडच्या मित्रमंडळींना विचारलंत तर उत्तर ठरलेलं येईल: एनईएस. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी टीव्हीला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (एनईएसच्या जपानी रूपाची) नक्कल, आणि आठवणी त्याच्याच आहेत. त्या आठवणींचा मान ठेवावा. पण माळ्यावर पडलेलं आणि आज चालू असलेलं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोजायची दुसरी.

विचारायची वेळही पाहावी. एमएसएक्ससाठी एमएसएक्सडेव्ह ही स्पर्धा २००३ पासून चालत आली आहे. सीपीसीसाठी स्पेनमधल्या आलिकांते विद्यापीठाची सीपीसीरेट्रोडेव्ह आहे. स्पर्धेच्या निकालाच्या सुमारास त्या यंत्राची मंडळी जागी असतात, नवे गेम चालवून पाहत असतात. तेव्हा ठेवलेला नमुना खरोखर खेळला जातो. नेमका त्याच दिवशी मात्र नको, गर्दीत हरवतो.

डाउनलोड मोजू नका, सांकेतिक शब्द मोजा

नमुना लोकांना दिला की डाउनलोडचा आकडा फुगतो आणि मन हुरळतं. त्यात काय काय असतं बघा: स्वयंचलित प्रोग्रॅम, सापडेल ती प्रत्येक रॉम साठवणारे संग्राहक, आणि एकच माणूस तीन उपकरणांवरून. कुणी खेळलं का, हे त्यातून कळत नाही.

कळण्याचा मार्ग गेममध्येच ठेवता येतो. नमुन्यात तीन खोल्या द्या. तिसरी पार झाली की पडद्यावर सहा अक्षरांचा सांकेतिक शब्द दाखवा आणि तो पाठवायला सांगा. शब्द यंत्रागणिक वेगळा असू द्या, म्हणजे कोणता नमुना पार झाला ते कळेल. त्यात आणखी माहिती लपवता येते: यंत्र ५० चं की ६० चं, रॅम किती सापडली, नायक किती वेळा मेला. शेवटच्या दोन अक्षरांत बेरजेची पडताळणी ठेवा, म्हणजे मनानं लिहिलेला शब्द ओळखता येतो. हा सगळा कोड शंभर-दीडशे बाइटमध्ये बसतो, आणि त्यातून मिळणारं उत्तर कुठल्याही मतदानापेक्षा भरवशाचं असतं. नायक कुठे जास्त मरतो हेही कळतं, ते वेगळंच.

समजा आकडे असे आले. एनईएससाठी १४० जणांनी ‘हवाच’ म्हटलं, त्यांतल्या ९ जणांनी शब्द पाठवला. कोलेकोव्हिजनसाठी ३५ जणांनी म्हटलं, २१ जणांनी पाठवला. मतदानात एनईएस चौपट पुढे, खेळण्यात कोलेकोव्हिजन दुपटीहून जास्त. आता यात श्रम मिळवा: कोलेकोव्हिजनला रॅमची आवराआवर, व्यत्यय आणि आवाज, एनईएसला सगळा पाया नव्यानं. निर्णय करायला याहून जास्त माहिती लागत नाही. उलट, दोन्हीकडे शब्द मोजकेच आले, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे: नमुना तसाच मोकळा ठेवावा आणि पुढचा मूळ गेम लिहायला घ्यावा.

एका गोष्टीची काळजी घ्या. एनईएसचा नमुना ओबडधोबड आणि कोलेकोव्हिजनचा गुळगुळीत असेल तर तुलना अन्यायाची होते. दोन्ही नमुन्यांत त्याच तीन खोल्या, तेवढंच संगीत, तेवढीच सफाई हवी. वेळ कमी असेल तर एकाच यंत्राचा नमुना करा आणि दुसऱ्याबद्दल काहीच बोलू नका.

डबाबंद कार्ट्रिज हवं म्हणणारे

फाइल फुकट घेणारे आणि खोक्यासह कार्ट्रिज घेणारे यांची गणती वेगवेगळी करावी. खोका, पुस्तिका, कवच आणि आतली सर्किटची पाटी यांचा खर्च प्रतींच्या संख्येवर फिरतो. समजा चित्रकाराचं मानधन, छपाईची तयारी आणि चाचणीच्या प्रती मिळून ६०,००० रुपये लागणार, आणि प्रत्येक प्रतीमागे सगळा खर्च जाऊन ८०० रुपये उरणार. तर ७५ प्रती विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. सांकेतिक शब्द पाठवणाऱ्यांतले किती जण पैसे देतील याचा अंदाज करण्यापेक्षा थेट नाव नोंदवून घ्या, ७५ नावं झाल्याशिवाय छपाईला हात लावू नका, आणि अंतिम रॉम खऱ्या यंत्रांवर तपासून होईपर्यंत पैसे घेऊ नका. आधी पैसे घेतले की प्रत्येक उशीर हा दुसऱ्याच्या पैशावरचा उशीर होतो, आणि छंदाची सगळी गोडी त्यात जाते.

किंमत सांगताना टपाल वेगळं दाखवा. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या स्वस्त पार्सललाही व्हॅट लागतो. ग्राहकाला हे आधी माहीत नसेल तर तो पार्सल नाकारतो आणि ते फिरून तुमच्या दारात येतं.

एनईएसच्या कार्ट्रिजमध्ये आणखी एक फरक आहे. अमेरिकी आणि युरोपीय यंत्राला ७२ पिनांचं कार्ट्रिज लागतं आणि मूळ यंत्रातली कुलपाची चिप समाधानी व्हावी म्हणून कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप लागते. जपानी फॅमिकॉमला आणि आपल्याकडच्या नकलांना ६० पिनांचं कार्ट्रिज लागतं, कुलूप नाही. नाव नोंदवताना हे विचारलं नाही तर निम्म्या प्रती भलत्याच खाचेसाठी बनतील.

मोठ्या प्रमाणावर हे साधलेलेही आहेत. बिटमॅप ब्युरोचा ‘झीनो क्रायसिस’ २०१९ मध्ये मेगा ड्राइव्हवर आला. त्याला आधी लोकांनी पैसे उभे करून दिले होते, आणि नंतर तो ड्रीमकास्ट, निओ जिओ अशा यंत्रांवर गेला. ‘सॅम्स जर्नी’ २०१७ मध्ये कमोडोर ६४ वर आला आणि पुढे एनईएसवर पोचला. दोन्हीकडे पहिली आवृत्ती पूर्ण होऊन लोकांच्या हातात होती, मग पुढचं यंत्र आलं. हा क्रम पाळण्यासारखा आहे.

परवानग्या आणि उरलेली यंत्रं

पोर्टची घोषणा करण्याआधी संगीतकार आणि चित्रकाराशी लेखी ठरवून घ्या. त्यांनी एमएसएक्ससाठी काम दिलं म्हणजे प्रत्येक यंत्रासाठी, आणि विक्रीसाठी, दिलं असं होत नाही. आणि गेम दुसऱ्या कुणाच्या मालकीच्या पात्रांवर उभा असेल तर मागणी कितीही असो, हात घालू नका. २०१९ मध्ये कमोडोर ६४ वर मारिओच्या पहिल्या गेमचं अप्रतिम पोर्ट प्रसिद्ध झालं, आणि थोड्याच दिवसांत निन्टेन्डोच्या हरकतीमुळे ते उतरवलं गेलं.

ज्या यंत्रांसाठी तुम्ही नाही म्हणणार, त्यांच्या लोकांना ताटकळत ठेवू नका. ‘पुढे बघू’ हे उत्तर वर्षानुवर्षं परत विचारलं जातं. सरळ नाही म्हणावं, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला ते करता यावं एवढं साहित्य मोकळं करावं: नियमांचा कोड चित्र-आवाजाच्या कोडपासून वेगळ्या फाइलींत, खोल्यांचा तपशील साध्या मजकुरात, चित्रं पीएनजीत, संगीताची मूळ ट्रॅकर फाइल (ट्रॅकर म्हणजे संगीत रचायचा प्रोग्रॅम). सोबत वापराच्या अटी लिहून ठेवा: विकता येईल का, नाव द्यावं लागेल का, चित्रं बदलता येतील का. शिवाय कोणत्या असेम्ब्लरच्या कोणत्या आवृत्तीनं कोड बांधला आणि त्यातून निघालेल्या रॉमचा चेकसम (पडताळणीचा आकडा) काय, हेही नोंदवा, म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्याच दिवशी आपली मांडणी बरोबर आहे का ते तपासता येईल.